परदेशगमनाचा साध्यासाध्य विचार

गेल्या महिन्यात माझ्या चिकित्सालयात पूर्वी सहायक म्हणून काम केलेला एक तरुण वैद्य भेटावयास आला. आखाती देशातील एका आयुर्वेद केंद्रात त्याची नेमणूक होण्याच्या बेतात होती. मध्यस्थाने त्याच्याकडे दोन वर्षांच्या अनुभवाचे प्रमाणपत्र मागितले होते. माझ्याकडे त्याने काम केले होते सात महिने. "सर, तेवढे दोन वर्षे लिहून द्या. सगळेच देतात," असे तो अगदी सहज म्हणाला. मी सात महिन्यांचेच प्रमाणपत्र दिले. तो काही न बोलता ते घेऊन गेला. त्याचे वडील माझे जुने स्नेही आहेत. त्या दिवसापासून त्यांचाही दूरध्वनी आलेला नाही.

'सगळेच देतात' हे त्याचे वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही, कारण ते खोटे नाही. अशी प्रमाणपत्रे आपण देतो, आपल्या औषधशाळा देतात, आपली छोटी पंचकर्म केंद्रे देतात. त्यात आपण मुलाचे भले करीत आहोत अशी आपली प्रामाणिक समजूत असते. या समजुतीचा आणि एकंदरच परदेशगमनाच्या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या नियतकालिकातून व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

आपले तरुण बाहेर का पाहतात हे मला समजते. साडेपाच वर्षे शास्त्र शिकून त्यांतील पुष्कळांच्या वाट्याला येते ती एखाद्या रुग्णालयातील रात्रपाळी. स्वतःचा दवाखाना थाटावा तर भांडवल नाही. अशा तरुणास स्वदेशप्रेमाचे बोधामृत पाजण्याचा माझा मुळीच हेतू नाही. जाणे गैर नाही. परीक्षा न करता जाणे गैर आहे. रोग्याची परीक्षा केल्यावाचून आपण त्याला चूर्णाची पुडीसुद्धा देत नाही. मग स्वतःच्या आयुष्याची दहा वर्षे एखाद्या देशाच्या हाती देताना आपण ती का करू नये?

हे मी अधिकाराने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. २०११ च्या उन्हाळ्यात मी युरोपात गेलो होतो. गेलो होतो म्हणण्यापेक्षा विमानतळापर्यंत गेलो होतो म्हणणे अधिक खरे. तेथील एका हौशी मंडळाने पंधरा दिवसांचे पंचकर्म शिबिर योजिले होते आणि मला बोलावले होते. "पर्यटक व्हिसावर या, सारेच तसे येतात," असे त्यांनी कळविले आणि मीही फार विचार केला नाही. प्रवेशाच्या ठिकाणी अधिकाऱ्याने विचारले, कशासाठी आलात? मी म्हणालो, देश पाहावयास. त्याने शांतपणे माझी पेटी उघडावयास सांगितली. आत बस्तियंत्र, तैलाच्या बाटल्या, रसौषधींच्या डब्या आणि सर्वांत वर शिबिराचे माहितीपत्रक. त्यावर माझे छायाचित्र आणि प्रत्येक उपचाराचे शुल्क युरोमध्ये. दुसऱ्या विमानाने मी परत आलो. औषधे तेथेच राहिली.

खर्च गेला त्याचे दुःख विसरलो. विसरता येत नाही ती एक गोष्ट. त्यानंतर कोणत्याही देशाच्या व्हिसाचा अर्ज भरताना 'आपणास कधी कोणत्या देशात प्रवेश नाकारण्यात आला आहे काय' हा प्रश्न येतो आणि त्यापुढे मला 'होय' लिहावे लागते. ते जन्मभर लिहावे लागणार आहे. रोग्याने आपल्यापासून काही लपविले तर आपण त्याच्यावर रागावतो. त्या दिवशी मी स्वतः वैद्य आहे हेच लपविले होते.

या अनुभवातून एक साधे सत्य मला समजले. व्हिसा ही त्या देशात शिरण्याची आणि राहण्याची परवानगी आहे. चिकित्सा करण्याची परवानगी ही सर्वस्वी निराळी वस्तू आहे. ही दोन स्वतंत्र दारे आहेत आणि एकाची किल्ली दुसऱ्यास लागत नाही. म्हणून 'कोणता व्हिसा मिळेल' हा पहिला प्रश्न नव्हेच. 'त्या देशाच्या कायद्यास वैद्य ठाऊक आहे काय' हा पहिला प्रश्न होय. या कसोटीवर देशांचे आणि मार्गांचे वर्गीकरण करू गेल्यास आपल्याच शास्त्रातील साध्यासाध्यतेचे चार भेद उपयोगी पडतात.

सुखसाध्य

जेथील कायदा वैद्यास वैद्य म्हणून ओळखतो ते देश या वर्गात येतात. संयुक्त अरब अमिराती हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे आयुर्वेद हा पारंपरिक व पूरक चिकित्सांमध्ये गणला जातो आणि त्यासाठी स्वतंत्र परवाना आहे. दुबईपुरता तो दुबई हेल्थ ऑथॉरिटी देते, अबुधाबीत तेथील आरोग्य विभाग देतो आणि इतर अमिरातींचा कारभार मुख्यतः केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आहे. पदवी, नोंदणी आणि अनुभव यांची मूळ ठिकाणी पडताळणी होते. 'डेटाफ्लो' या नावाने आपली मुले जिचा उल्लेख करतात ती हीच. पुढे परीक्षा होते. ती उत्तीर्ण झाल्यावर पात्रतेचे पत्र मिळते, मग एखादे परवानाधारक केंद्र नोकरी देते आणि वास्तव्याचा परवाना ते केंद्र काढते. हा क्रम ध्यानात ठेवावा: आधी पडताळणी, मग परीक्षा, मग नोकरी, शेवटी व्हिसा. जो मध्यस्थ हा क्रम उलटा सांगतो, म्हणजे 'आधी व्हिसावर चला, परवान्याचे तिकडे पाहू' असे म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद आहे. आयुर्वेद चिकित्सक आणि आयुर्वेद थेरपिस्ट ही दोन निरनिराळी पदे आहेत. करारपत्रावर आणि परवान्यावर कोणता शब्द आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. थेरपिस्ट म्हणून गेलेल्या पदवीधराने नाडी पाहून औषध लिहिले तर तो तेथील कायद्याने अपराध ठरतो, मग त्याची पदवी कितीही खरी असो. अभ्यंग करणे हलके काम आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु वैद्य म्हणून निघालो आणि मालिश करणारा म्हणून उतरलो, हे तेथे पोचल्यावर कळू नये.

मॉरिशसमध्ये १९८९ पासून आयुर्वेदासाठी कायदा आहे. मलेशियाने २०१६ मध्ये पारंपरिक व पूरक चिकित्सेचा कायदा केला व त्यात पारंपरिक भारतीय चिकित्सेस स्थान दिले. दक्षिण आफ्रिकेत संलग्न आरोग्य व्यवसायांच्या परिषदेकडे आयुर्वेदाची नोंदणी होते. ओमानशी १८ डिसेंबर २०२५ रोजी मस्कत येथे झालेल्या आर्थिक भागीदारी करारात पारंपरिक चिकित्सेचा स्पष्ट समावेश आहे. मात्र 'सुखसाध्य' म्हणजे विनासायास असे कोणी समजू नये. सुखसाध्य ज्वरातही लंघन करावेच लागते.

कृच्छ्रसाध्य

या वर्गाचे उदाहरण जर्मनी. तेथे बी.ए.एम.एस. पदवीवर डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही. परंतु १९३९ च्या कायद्याने निर्माण झालेला 'हाइलप्राक्टिकर' हा व्यवसाय आहे, म्हणजे डॉक्टर नसताना चिकित्सा करण्याची परवानगी असलेला चिकित्सक. वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असणे, शालेय शिक्षण, आरोग्याचा व वर्तणुकीचा दाखला आणि स्थानिक आरोग्य कार्यालयाची परीक्षा असे त्याचे स्वरूप आहे. लेखी परीक्षेत ६० प्रश्नांपैकी ४५ अचूक यावे लागतात, त्यानंतर तोंडी परीक्षा. परीक्षेत आयुर्वेद विचारीत नाहीत. शारीर, विकृतिविज्ञान, संसर्गजन्य रोग आणि आपल्या मर्यादा कोणत्या, हे विचारतात, आणि सारे जर्मन भाषेत. केवळ डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे देण्याची, प्रसूतीची आणि दंतचिकित्सेची मुभा हाइलप्राक्टिकरला नाही.

आता व्हिसाचा भाग. १ जून २०२४ पासून जर्मनीने 'शान्सनकार्टे' म्हणजे संधिपत्र सुरू केले आहे. मायदेशी मान्य असलेली पदवी, जर्मन वा इंग्रजीचे ठरावीक ज्ञान, निर्वाहापुरते धन आणि सहा गुण एवढ्यावर एक वर्ष तेथे राहून नोकरी शोधता येते व आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करता येते. वयाचे गुण पस्तिशीपर्यंत दोन, चाळिशीपर्यंत एक आणि त्यापुढे शून्य. स्वतंत्र व्यवसायासाठी निराळा परवाना आहे. परंतु अर्जदार पंचेचाळीस वर्षांवरील असेल तर वृद्धापकाळाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. माझ्या समवयस्कांनी हे वाचून सुस्कारा टाकला असेल. मीही टाकला होता. लक्षात घ्यावे ते एवढेच की संधिपत्र हे राहण्याचे दार आहे, चिकित्सेचे नव्हे. त्यावर जाऊन कोणी शिरोधारा करू लागला तर तो माझ्याच पंक्तीला बसेल.

स्वित्झर्लंडमध्ये २०१५ पासून निसर्गोपचारकांच्या राष्ट्रीय पदविकेत आयुर्वेद हा चारांपैकी एक विषय आहे. शास्त्राचा याहून मोठा सन्मान युरोपात क्वचितच झाला असेल. परंतु युरोपबाहेरील लोकांस कामाचे परवाने तेथे संख्येने मर्यादित असतात. या दोन्ही देशांस माझ्या मते चार-पाच वर्षांची तयारी लागते आणि तीही भाषेपासून. ज्याचे वय तिशीच्या आत आहे आणि ज्याच्याजवळ धैर्य आहे त्याने हा मार्ग अवश्य धरावा. कृच्छ्रसाध्य म्हणजे असाध्य नव्हे.

याप्य

पथ्य चालू आहे तोवर बरे आणि पथ्य सुटले की व्याधी पुन्हा उभी, तो याप्य. इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा या देशांचे मार्ग मी या वर्गात घालतो. येथे माणूस जातो, परंतु वैद्य म्हणून जात नाही.

अमेरिकेच्या एकाही राज्यात आयुर्वेदाचा परवाना नाही. कॅलिफोर्निया, मिनेसोटा अशा काही राज्यांच्या कायद्यांनी परवाना नसलेल्या उपचारकांस अटींसह मोकळीक दिली आहे, पण ती तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्यांसाठी; तिच्यावर व्हिसा मिळत नाही. आपली मुले जातात ती सार्वजनिक आरोग्य वा तत्सम विषयाचे विद्यार्थी म्हणून. शिक्षणानंतर वर्षभर, काही विषयांस अधिक, काम करता येते आणि पुढे एच-वन-बी व्हिसाची सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले, यावरून एका आदेशाने हे पथ्य कसे मोडते ते दिसते.

इंग्लंडमध्ये आयुर्वेदास वैधानिक नोंदणी नाही. २०१२ च्या औषध नियमांनुसार समक्ष तपासून वनस्पतिजन्य औषध करून देता येते. रसौषधी त्यात बसत नाहीत. मध्यंतरी आपल्या कित्येक पदवीधरांनी वृद्धसेवेच्या व्हिसावर लाखो रुपये मध्यस्थांना दिले. मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब नेता येईनासे झाले आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद झाली. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी दोन वर्षेही जानेवारी २०२७ पासून बहुतेकांसाठी अठरा महिन्यांवर आणण्याचे त्या सरकारने ठरविले आहे. कॅनडाच्या गुणपद्धतीत तिशीनंतर दरवर्षी वयाचे गुण घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात.

या मार्गाने जाऊ नये असे मी म्हणत नाही. सार्वजनिक आरोग्य, औषध संशोधन हीही चांगली क्षेत्रे आहेत. परंतु जाणाऱ्याने आणि त्याच्या आई-वडिलांनी हे मनाशी स्पष्ट करावे की आपण व्यवसाय बदलीत आहोत. 'आमचा मुलगा अमेरिकेत आयुर्वेदिक डॉक्टर आहे' असे सांगत फिरण्याने त्या मुलास कोणती घुसमट सहन करावी लागते ते मी पाहिले आहे.

प्रत्याख्येय

पर्यटक व्हिसावर चिकित्सा करणे, खोट्या अनुभवावर परवाना मिळविणे आणि मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर शेत विकणे, या तिन्हींस एकच उत्तर: नाही. हल्ली 'जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेदास मान्यता दिली, आता जगात कोठेही जा' असा प्रचार मध्यस्थ करतात. १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत जे प्रसिद्ध झाले ती व्याधींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील आपल्या संज्ञांची संकेतसूची होय. ती मोलाची आहे, पण ती कोणाचाही परवाना नव्हे. भरती करणारा मध्यस्थ १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदलेला आहे काय हे 'ई-मायग्रेट' या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. अशा नोंदणीकृत मध्यस्थास तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. सहा लाख मागणारा कोण, हे वाचकांनी ताडावे.

आपले कर्तव्य

आता वळतो आपणा सर्वांकडे. पहिली गोष्ट प्रमाणपत्रांची. पडताळणी करणारी संस्था प्रमाणपत्रावर विश्वास ठेवीत नाही. ज्याने ते दिले त्यालाच विचारते. हजेरीपट, वेतनाची नोंद मागितली की सात महिन्यांची दोन वर्षे करणाऱ्याची फजिती होते आणि त्या मुलाच्या नावावर फसवणुकीचा शिक्का बसतो. तो शिक्का माझ्या 'होय'पेक्षा कितीतरी जड. शिवाय आपल्या जिल्ह्यातून, आपल्या महाविद्यालयातून पुढे जाणाऱ्या खऱ्या मुलाकडेही मग संशयाने पाहिले जाते. प्रत्येकाने आपल्या सहायकांची नोंदवही ठेवावी, वेतन बँकेतून द्यावे आणि जितके दिवस तितकेच लिहावे.

दुसरी गोष्ट औषधांची, आणि ती आपल्या औषधशाळाचालक बंधूंसाठी. परदेशी निघालेला वैद्य आपल्याकडून पेटीभर औषधे घेतो. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि आपल्या सरकारला जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांस जड धातूंची तपासणी सक्तीची करावी लागली. युरोपीय संघाचा २००४ चा पारंपरिक वनस्पतिजन्य औषधांचा निर्देश तीस वर्षांचा वापर मागतो, त्यांतील पंधरा वर्षे युरोपातील. त्याची सवलतीची मुदत ३० एप्रिल २०११ रोजी संपली. माझी पेटी उघडली गेली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. वन्य वनस्पतींच्या व्यापाराचा 'साइटीस' करारही आहे: कुष्ठ त्याच्या सर्वांत कडक पहिल्या परिशिष्टात, तर जटामांसी, कुटकी व सर्पगंधा दुसऱ्यात आहेत. तेव्हा गिऱ्हाईक परदेशी जात आहे असे कळले की घटकद्रव्ये छापलेले वेष्टन, पावती आणि तपासणीचा दाखला द्यावा आणि काय नेता येणार नाही ते विक्रीपूर्वी सांगावे. एक विक्री बुडेल, पण शास्त्राचे नाव राहील.

तिसरी गोष्ट आपल्या संघटनेची. ऑस्ट्रेलियाशी झालेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेला करार पाहा. त्यात दरवर्षी १८०० जागा योगशिक्षक व आचारी यांच्यासाठी आहेत. इंग्लंडशी २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या करारातही १८०० जागा योगशिक्षक, शास्त्रीय संगीतकार व आचारी यांच्या. वैद्य कोठेच नाही. योगशिक्षकांविषयी मला असूया नाही. त्यांच्यासाठी कोणी बोलले आणि आपल्यासाठी कोणी बोलले नाही, एवढेच खरे. न्यूझीलंडशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचे २२ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर झाले, त्यातील तात्पुरत्या रोजगाराच्या ५००० व्हिसांत आयुष चिकित्सकांचा नामोल्लेख आहे. म्हणजे मागितले तर मिळते. (तो करार प्रत्यक्ष लागू आहे याची खात्री केल्यावाचून कोणी कोणास पैसे देऊ नयेत.) यापुढील प्रत्येक वाटाघाटीपूर्वी आपल्या संघटनेने आयुष व वाणिज्य मंत्रालयांस लेखी निवेदन द्यावे. जिल्हा शाखेत एका सदस्याने पदवीचे साक्षांकन, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी व तिच्या सुस्थितीचा दाखला, हेग करारातील देशांसाठी अपोस्टिल आणि इतरांसाठी दूतावासाचा शिक्का, या कामांची माहिती विनामूल्य द्यावी. पहिल्या वर्षी आपल्या जिल्ह्यापुरते हे काम पाहावयास मी तयार आहे.

त्या तरुणाचे काय झाले हे मला ठाऊक नाही. दुसऱ्या कोणाकडून दोन वर्षे लिहून घेऊन तो गेलाही असेल. न गेला असेल तर माझ्याकडे आणखी सतरा महिने काम करण्यास त्यास जागा आहे, वेतन आहे, आणि त्यानंतर दोन वर्षांचे प्रमाणपत्र मी स्वहस्ते लिहून देईन. त्याच्या वडिलांच्या वाचनात हा अंक येतो. म्हणून हे येथे लिहून ठेवतो.